हॉलंडातला मानपान

लग्नातल्या मानपानावरून रुसणाऱ्यांना आपण नावं ठेवतो. हॉटेलांच्या बड्या साखळ्यांनी मात्र हाच प्रकार जगभर मांडलाय, आणि त्याला 'लॉयल्टी प्रोग्रॅम' म्हटलं की आपण निमूट रांगेत उभे राहतो. इथे सिल्व्हर म्हणजे चुलत-मावस गोतावळा. त्यांना अत्तर लावायचं आणि पुढे सरकवायचं. गोल्ड म्हणजे नवरदेवाचे काका. टॉवेल-टोपीचा मान, पण आग्रह बेताचा. प्लॅटिनम म्हणजे साक्षात वरमाय. तिच्याही पुढे जी टायटॅनियम, अँबॅसेडर मंडळी आहेत त्यांच्याबद्दल जरा जपूनच बोललं पाहिजे, कारण मॅरियटमध्ये टायटॅनियम व्हायला वर्षाला ७५ रात्री हॉटेलात काढाव्या लागतात. हयातच्या सर्वांत वरच्या पायरीला ६०. वर्षातले अडीच महिने माणूस रात्री घरी येत नसेल, तर आमच्या सोसायटीत त्याच्याबद्दल जे बोलतात त्यात लॉयल्टी हा शब्द कधीच येत नाही.

मी गोल्ड आहे. एका क्रेडिट कार्डाची वर्षाची फी भरली आणि गोल्ड घरबसल्या चालून आलं. फी किती, हे हिला अजून सांगितलेलं नाही. हा लेख छापून आला की कळेल, म्हणून इथेही सांगत नाही.

ॲमस्टरडॅमला जायचं ठरलं ते भाच्यामुळे. तो शेजारच्याच ॲम्स्टेलवेनला असतो. आयटीतली इतकी भारतीय मंडळी तिथे राहतात की कोथिंबीर मिळवायला कुणाच्या हातापाया पडावं लागत नाही. तो म्हणाला, "मामा, घरीच उतरा ना." पण घरी उतरलं की गोल्डचं करायचं काय? नातेवाइकाच्या सोफ्यावर झोपलेल्या रात्री कुठलीही साखळी मोजत नाही. मी हॉटेल शोधायला बसलो.

"अहो, पण गोल्ड म्हणजे नेमकं मिळतं काय?" हिने विचारलं. हा प्रश्न मला वर्मी लागला, कारण उत्तर साखळीगणिक बदलतं. हिल्टनच्या गोल्डला अमेरिकेबाहेर दोन माणसांचा नाश्ता फुकट. मॅरियटचं गोल्डही गोल्डच, पण त्याला नाश्ता नाही; खोली दोन वाजेपर्यंत ठेवता येते, तीही 'शक्य झाल्यास'. वरच्या दर्जाची खोली? शक्य झाल्यास. हॅम्प्टन नावाच्या हॉटेलांत तर आणखीच अन्याय. तिथे नाश्ता सगळ्यांनाच फुकट. ज्या पंगतीत आल्या-गेल्या प्रत्येकाला श्रीखंड वाढतात, तिथे काकांच्या टोपीला काय अर्थ राहिला?

हिच्या अटी माझ्यापेक्षा स्पष्ट होत्या. लिफ्ट हवी, खोलीत चहाची किटली हवी आणि सकाळी तिला खाता येईल असं काहीतरी हवं. मी चार साखळ्यांच्या सवलतींचे तक्ते वाचले. किटलीची हमी कुठल्याच पायरीला नाही.

लिफ्टचा मुद्दा आपल्याला किरकोळ वाटतो. ॲमस्टरडॅममध्ये तो नाही. सतराव्या शतकात कालव्यांच्या काठाने व्यापाऱ्यांनी घरं बांधली ती अरुंद, खोल आणि उंच. आतले जिने इतके उभे की त्यांना शिडीच म्हणावं. घरातलं कपाट जिन्याने नेता येत नाही, म्हणून बहुतेक घरांच्या माथ्यावर एक तुळई पुढे काढलेली आणि तिला लोखंडी आकडा; त्याला दोर लावून सामान खिडकीतून आत घ्यायचं. अजूनही घेतात. २०१० साली युनेस्कोने हा कालव्यांचा पट्टा जागतिक वारशाच्या यादीत घातला. त्या घरांतली छोटी हॉटेलं फोटोत बघितली की जीव खुळावतो. मग फोटोखालची बारीक ओळ दिसते: लिफ्ट नाही. आमच्या दोन बॅगा, त्यातली एक भाच्यासाठी भाजणी, मेतकूट आणि लोणच्याने भरलेली. तो आकडा बघून हिने मला फोटो परत दाखवायला सांगितला. "माणसं पण वर घेतात का हो याने?"

बरं, ही छोटी हॉटेलं बहुधा कुणा एका मालकाची. तिथे गोल्डला कोण ओळखतो? साखळ्यांना कालव्यावर जागा मिळते ती मोजकी आणि तीही राजेशाही. हेरेनग्राख्त कालव्यावर सहा जुने वाडे एकत्र करून वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया केलंय. त्याचा एका रात्रीचा दर बघितला आणि खिडकी लगेच बंद केली, कंप्युटरवरची. बाकीच्यांची मोठी हॉटेलं स्टेशनाजवळ किंवा गावाच्या कडेला. म्हणजे प्रश्न सरळ होता. मान हवा की कालवा?

मी मानाच्या बाजूने झुकत होतो. अपोलोलान रस्त्यावरचं हिल्टन पाहून ठेवलं. तिथली ७०२ नंबरची खोली जगप्रसिद्ध आहे. मार्च १९६९ मध्ये जॉन लेनन आणि योको ओनो लग्न करून तिथे आले आणि २५ ते ३१ तारखेपर्यंत शांततेसाठी अंथरुणातच बसून राहिले. पत्रकार येत, हे पांढऱ्या कपड्यांत उशांना टेकून मुलाखती देत. हिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही दर रविवारी करता, एक पत्रकार फिरकत नाही."

आता एक गंमत बघा. हॉटेलची खोली घरबसल्या घेण्याची सवय ज्या बुकिंग डॉट कॉमने लाखो लोकांना लावली, ते १९९६ साली याच देशात, एन्स्केडे गावी जन्मलं. आणि त्याच्यासारख्या साइटवरून खोली घेतलीत की साखळी हॉटेलं सहसा तुमचं स्टेटस मानत नाहीत. पॉइंट नाहीत, नाश्त्याचा हक्क नाही, रात्र मोजली जात नाही. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून किंवा ॲपवरून आलात तरच तुम्ही काका, नाहीतर आगंतुक. मधल्या माणसाला कमिशन द्यावं लागतं त्याचा राग पाहुण्यावर निघतो, एवढंच त्यामागचं तत्त्वज्ञान.

मग कर आले. ॲमस्टरडॅमला पर्यटक नको झालेत, हे ते तोंडावर सांगत नाहीत, बिलात लिहितात. खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटक कर आहे, २०२४ पासून. १ जानेवारी २०२६ पासून खोलीवरचा व्हॅट ९ टक्क्यांवरून २१ वर नेला. मूळ भाडं २०० युरो धरा: व्हॅटचे ४२, पर्यटक कराचे २५, झाले २६७. या ६७ युरोंवर पॉइंटसुद्धा मिळत नाहीत. शिवाय २०२४ पासून नियम असा, की एक हॉटेल बंद झाल्याशिवाय नवं उघडायचं नाही आणि खाटाही वाढवायच्या नाहीत. ज्या गावात खाटा वाढतच नाहीत आणि माणसं येतच राहतात, तिथे 'शक्य झाल्यास' या दोन शब्दांचं वजन कळतं. चांगली खोली रिकामी राहिली तर ती काकांना. राहते कशाला?

मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेलं विमान स्किपोल विमानतळावर उतरतं ते सकाळी. खोली मिळते दुपारी तीनला. सगळे प्रोग्रॅम उशिरा खोली सोडण्याच्या गोष्टी करतात. लवकर खोली देण्याची हमी आमच्यासारख्या मधल्या पायरीवरच्यांना कुणीच देत नाही. आपल्याला नेमकं तेच हवं असतं. रात्रभर बसून आलेल्या माणसाला मान नको असतो, आडवं व्हायला जागा हवी असते.

शेवटी स्टेशनाजवळचं एका साखळीचं मोठं हॉटेल घेतलं. नाव सांगत नाही, कारण तक्रार करणार आहे. काउंटरवर बाह्या दुमडलेला एक सव्वासहा फुटी पोरगा उभा होता. मी पासपोर्ट दिले, मग ॲप उघडून सोनेरी कार्ड दिसेल अशा बेताने फोन काउंटरवर ठेवला. त्याने तो पाहिला. "अच्छा, गोल्ड. छान," अशा आवाजात म्हणाला की जणू मी त्याला आज मंगळवार असल्याचं सांगितलंय. मग दोन स्ट्रूपवाफेल, म्हणजे पाक भरलेली तिथली बिस्किटं, आणि पाण्याची एक बाटली पुढे केली. ज्या देशात नळाचं पाणी बिनघोर प्यायचं असतं तिथे पाण्याची बाटली. मी खोलीच्या अपग्रेडचं विचारलं. "हो, केलंय ना. तुम्हाला दोन मजले वर टाकलंय."

खोली चांगली होती, ते नाकारत नाही. पण खिडकीतून कालवा दिसेना. दिसत होते रूळ. हिला मात्र ती खिडकी सोडवेना. पिवळ्या-निळ्या गाड्या दर दोन मिनिटांनी जात होत्या, आणि एकाही दारात कुणी लोंबकळत नव्हतं. "बसा ना," ती मला म्हणाली, "त्या कालव्यात एवढं काय हलतंय?" किटली होती. तिच्या दृष्टीने अपग्रेड झालं होतं.

काउंटरवरच्या त्या पोराचा राग मला दोन दिवस पुरला. मग भाच्याने समजावलं. "मामा, इथे कुणीच कुणाला मान देत नाही. माझा बॉस डबा आणतो, ब्रेड आणि चीज, आणि सायकलवरून येतो." इथले माजी पंतप्रधान मार्क रुटे पदावर असताना सायकलने कामाला जायचे. २०१८ साली एका सरकारी इमारतीत शिरताना त्यांच्या हातून कॉफी सांडली, तेव्हा त्यांनी सफाई कामगारांकडून मॉप घेऊन फरशी स्वतः पुसली आणि कामगारांनी टाळ्या वाजवल्या. तो व्हिडिओ जगभर फिरला. जिथे पंतप्रधान फरशी पुसतात, तिथे वर्षाच्या फीवर मिळालेलं गोल्ड दाखवणाऱ्याला दोन स्ट्रूपवाफेल मिळाली हेच पुष्कळ. याच मातीत सिटिझनएम ही हॉटेलं निघाली. पहिलं २००८ साली स्किपोलला. तिथे चेक-इन आपणच मशीनवर करायचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत पलंग आणि सगळ्यांना एकसारखीच छोटी खोली. २०२५ मध्ये हा ब्रँड मॅरियटने विकत घेतला. आता टायटॅनियम मंडळी तिथे मशीनसमोर उभं राहून आपला मान कुणाला दाखवत असतील, देव जाणे.

नाश्त्याबद्दल मात्र वाईट बोलणार नाही. विकत घेतला तर तो पंचवीस-तीस युरोंना पडतो. दोघांचे रोजचे सहा हजार रुपये धरा. ही पहिल्या दिवशी टेबलांवरून एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "चीजचेच सात प्रकार आहेत, काळजी नको." शेजारच्या टेबलावर सुटाबुटातला पन्नाशीचा डच गृहस्थ ब्रेडला लोणी फासून त्यावर चॉकलेटचे दाणे पेरत होता, वाढदिवसाच्या केकवर असतात तसले दाणे, आणि चेहरा बोर्ड मीटिंगचा. तिथे सगळेच खातात ते, लहानपणापासून. कोपऱ्यात दुधाशेजारी एक जग होता. हिने घोट घेतला, थांबली, पर्समधून डबी काढली. मीठ आणि जिऱ्याची पूड. 'कार्नेमेल्क' म्हणजे चक्क ताक निघालं. त्या दिवसापासून जगाशेजारचं टेबल आमचं झालं. उठताना दोन सँडविच रुमालात बांधली जायची. मी संकोचलो, तर भाच्याच्या बॉसचं उदाहरण माझ्याच तोंडावर फेकलं गेलं.

भाच्याने एका संध्याकाळी गणित मांडलं. कालव्यावरचं लिफ्टवालं एक छोटं हॉटेल, नाश्त्यासकट, आमच्या खोलीपेक्षा थोडं स्वस्तच पडत होतं. म्हणजे फुकटचा नाश्ता भाड्यात आधीच वाढलेला होता. मी त्याला म्हटलं, तुझ्या गणितात पॉइंट धरलेले नाहीत. तो म्हणाला, "धरले की." मुलगा हुशार आहे, पण नात्यात असं बोलू नये.

एक रात्र रॉटरडॅमलाही काढली. मध्यभागी जुनं गाव जवळजवळ नाहीच. १४ मे १९४० ला जर्मन विमानांनी ते जाळलं आणि नंतर सगळं नव्याने उभं राहिलं. त्यामुळे तिथे उंच इमारती, रुंद खोल्या, भल्या मोठ्या लिफ्ट. 'वरचा मजला' या शब्दांना तिथे खरोखर अर्थ आहे. खिडकीतून एरास्मस पूल दिसतो. ज्या देशात मान मिळत नाही असं मी म्हणत होतो तिथे तो मिळाला, आणि त्याचं कारण बाँब निघाले. यावर विनोद करवला नाही. हीसुद्धा बराच वेळ काही बोलली नाही.

हेगला तर राहायची गरजच नाही. ॲमस्टरडॅमहून गाडीने पाऊण-एक तास, मौरित्सहाउस संग्रहालयात चित्रकार व्हेर्मेरची मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी पाहायची आणि परत. डेल्फ्ट हेगच्या जरा पुढे. व्हेर्मेर तिथलाच, पण त्याचं एकही अस्सल चित्र गावात नाही, कबर आहे. उट्रेख्ट अर्धा तास, हार्लेम वीस मिनिटांच्या आत. देशच एवढा, की दर गावी नवं हॉटेल घेऊन चेक-इनचे पॉइंट जमवायचे म्हणजे बॅगा ओढण्याची हौस हवी.

तेव्हा जाणाऱ्यांना सांगतो. एकच गाव धरा, स्टेशनापासून चालत जाता येईल असं हॉटेल घ्या, बाकी गावं गाडीने करा. ॲमस्टरडॅम फार महाग वाटलं तर हार्लेमला उतरा. स्टेटस असेल तर ते नाश्त्यापुरतंच वापरा, अपग्रेडची आशा स्किपोललाच सोडा. लिफ्ट आहे का ते फोटोखालच्या बारीक ओळीत वाचा, किटलीसाठी आधी ईमेल करा. आणि स्टेटस वापरणार असाल तर खोली हॉटेलच्याच साइटवरून घ्या. नाहीतर सकाळी ताकाचे पैसे पडतील.