पागडीवरची ओल

घोडपदेवच्या जुन्या चाळींत घरमालक बदलले, भाडेकरूंच्या पिढ्या बदलल्या. ओल मात्र पहिल्या दिवसापासून आहे तिथेच आहे. तिची पागडी कोणी घेतली ते ठाऊक नाही, पण भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण तिलाही लागू असावं. तिला काढता येत नाही, आणि ती करील ते नुकसान आपण भरायचं.

सुरुवातीला डागावर कालनिर्णय टांगतात. डाग वाढला की तिथे आजोबांची तसबीर येते, मग कपाट. कपाटामागून बुरशीचा वास यायला लागला की निदानाला अख्खी चाळ लोटते. वरच्या काकू म्हणतात, "आमची मोरी ठणठणीत कोरडी आहे हो." हातात धुण्याची बादली. शेजारचे नाना पाइपामागच्या पिंपळाकडे बोट दाखवतात. तो उपटायचा कोणी म्हटलं की सगळ्यांना एकदम शनिवार आठवतो. घरमालक भाड्याची पावती नाचवून विचारतो, "एवढ्यात सिमेंटची एक गोणी तरी येते का?"

गवंडी येतो तो सिमेंटच घेऊन. "एकदम टाइट करतो, साहेब." खरं तर या भिंती विटा आणि चुन्याच्या. चुन्यातून आतली वाफ बाहेर पडते. सिमेंटचा थर आणि वर चार फूट ऑइल पेंट म्हणजे भिंतीचं तोंडच दाबणं. मग ओल मुकाट्याने सरकून पलंगामागून बाहेर येते. विटांमधले क्षार पाण्याबरोबर पुढे येतात, पाणी उडून जातं, मागे स्फटिक उरतात. तेच गिलाव्याला आतून ढकलतात आणि पोपडे गादीवर पडतात.

शहाणा मार्ग एकच: आधी गळती बंद करायची, विटेपर्यंत प्लास्टर खरवडायचं, भिंत वाळू द्यायची, मग चुन्याचा गिलावा. यातलं 'वाळू द्यायची' हे फार सोपं वाटतं. जाणकारांचा ढोबळ हिशेब इंचाला महिना असा आहे. आमची भिंत दीड फुटी. अठरा महिने झाले! मुंबईत दोन पावसाळ्यांच्या मध्ये मिळतात आठ. म्हणजे भिंत नीट वाळवायची तर तिला हवापालटासाठी माणदेशात न्यायला हवी.

तेवढी रजा भिंतीला मिळाली नाही. मेअखेरीस गिलावा झाला. हत्यारं धुता धुता गवंडी म्हणाला, "आता आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. सुकू देऊ नका, तडे जातील."

मी तांब्याने भिंतीवर पाणी मारत असताना काकू दारात आल्या. क्षणभर बघत राहिल्या, मग जिन्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "नाना, या हो इकडे! पाणी कुठून येतंय ते सापडलं!"