लाखाची पेटी

"मावशी, काल दारात ऑटो थांबला होता. खोकीच खोकी! फ्रीज आणला काय?"

"फ्रीज कशाचा माय! नातवाचा कम्प्यूटर. गेम खेळायचा. सोयाबीनचे पैसे आले अन् ह्याच्या अंगात आलं. सगळे पार्ट सुटे मागवले, सेलूहून ऑटोत घालून आणले."

"सुटे? मग जोडणार कोण?"

"तोच. फोनवर बघत बघत. बारवेतला गाळ काढायला उतरलेली पोरं सगळी रात्री ओसरीवर गोळा. मला म्हणतो, आज्जी, हात लावू नको. जसं काय मी शिवले की बाटतं!"

"वरच्या गल्लीतल्या सरांनी पोराला तयार घेतला म्हणं. संभाजीनगरहून. खोकं उघडलं, वायर लावली, चालू. विंडोजबी आतच."

"हाव, ते खरंय. ह्याला विंडोजचे पैसे निराळे लागले. ते आधी कुणी सांगत नाही बघ. पण तयार पेटीवर ग्राफिक कार्डाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात. आत वीज पुरवणारा एसएमपीएस कसला, रॅमची पट्टी एक का दोन, कोण विचारतंय? सागाचा दरवाजा अन् कडी सुतळीची."

"एकच पट्टी असली तर काय होतं?"

"सोळा जीबीची एक लावण्यापरीस आठ-आठच्या दोन बऱ्या. दोन्हीकडून काम पळतं. अन् काही मोठ्या कंपन्यांचा मदरबोर्ड त्यांच्याच मापाचा. उद्या बाजारातला घ्यावा तर बसत नाही."

"मावशी, तुम्ही तर इंजिनेर झालात!"

"रात्रभर तेच कानावर. झोप कुठली?"

"अन् बिघडला तर?"

"तिथंच गोची आहे. तयारला एक फोन लावायचा. माणूस आपल्या वालूरला येतो का, ते सरांना विचार! ह्याच्या प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी आहे खरी, पण दुखणं कोणत्या पार्टात ते आधी आपणच हुडकायचं. पावत्या मी राशन कार्डाच्या पिशवीत घातल्यात. माझं विचारशील तर, घरात उघडून बघणारं पोरगं असलं तर जोडावा, नसलं तर तयार घ्यावा."

"स्वस्त तरी पडला का?"

"आधी पडला असता. आता रॅमच भडकली. एआयवाल्यांची मोठमोठी केंद्रं सगळी मेमरी ओढायलेत. मेमरी बनवणाऱ्या त्या मायक्रॉन कंपनीनं तर डिसेंबर २०२५ मध्ये सांगूनच टाकलं, आपल्या क्रूशियल नावाच्या पट्ट्या आता गिऱ्हाइकाला विकणार नाही म्हणून. कापसाला का चढत नाही गं असा भाव? जुन्या भावात भरलेली तयार पेटी एखाद्या दुकानात पडून असली, तर तीच स्वस्त म्हणे."

"चालू तर झाला ना?"

"झाला की! पण लाईट गेली की इन्व्हर्टर क्षणभर अडखळतो, तेवढ्यात ह्याचा गेम जातो. आता यूपीएस पाहिजे म्हणायलाय."

"अन् पैसे?"

"आजोबाला मस्का लावणं चालूय. सकाळी उठून गोठा झाडला बघ त्यानं. म्हैससुद्धा बिचकली."