घरबसल्या परग्रही गिर्यारोहण: अकोले तालुक्यातील इच्छुकांसाठी

‘नो मॅन्स स्काय’ या गेममध्ये डोंगर शोधून त्यांचे फोटो काढू इच्छिणाऱ्यांनी प्रथम खिडकीकडे पाठ होईल अशी बैठक निवडावी. अकोले तालुक्याच्या पश्चिम अंगाला हे सोपं नाही. एका खिडकीत १,६४६ मीटरची कळसूबाई उभी, दुसरीत रतनगड. आणि मागून जाणारी आजी विचारतेच, “एवढा दाराशी उभाय तो सोडून हा कुठला रे बघतोस?” या प्रश्नावर गेममध्ये एकही शस्त्र उपलब्ध नाही.

मोहिमेची वेळ ठरवताना स्थानिक इतिहास ध्यानात घ्यावा. कळसू नावाची कोळ्याची मुलगी भांडी आणि केर करणार नाही या अटीवर एका घरी कामाला राहिली, अशी कथा आहे. एक दिवस तेच काम सांगितलं गेलं. तिनं ते केलं, तडक डोंगर गाठला आणि पुन्हा खाली उतरली नाही. यातला क्रम बारकाईनं पाहा: आधी भांडी, मग डोंगर. उलट्या क्रमानं गेलेल्यांचं वायफाय बंद झालेलं आहे.

आता ग्रह. २०१६ साली इंग्लंडातल्या गिल्फर्डच्या हॅलो गेम्सनं हा गेम आणला तेव्हा त्यात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ ग्रह असल्याचं सांगितलं. मोजायला जाऊ नये. दोनाचा चौसष्टावा घात करावा. हे ग्रह कुणी बसून रंगवलेले नाहीत. तुम्ही जवळ जाता तेव्हा गणिती सूत्र तिथल्या तिथे डोंगर उभा करतं. सह्याद्रीचे काळे थर साचायला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोटच्या लोट यावे लागले. इथे यान उतरेपर्यंतचा वेळ पुरतो. कॉम्प्युटर जुना असल्यास यान सावकाश उतरवावं, नाहीतर डोंगर अजून निम्माच झालेला असतो आणि आपण त्याच्या पोटात शिरतो.

चढाईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, इथे पाठीवर जेटपॅक. कड्याला छाती भिडवून बटण दाबून धरलं की इंधन न जळता माणूस वर सरकत राहतो. बारी गावातून चढणाऱ्याच्या गुडघ्यांना हे कळू देऊ नये. वीज जाण्याच्या वेळा मात्र पाठ हव्यात. यानातून बाहेर पाऊल टाकलं की गेम आपोआप सेव्ह होतो, म्हणून ढग दाटून आले की (खिडकीबाहेरचे, गेममधले नव्हे) विनाकारण यानात चढउतर करत राहावी.

फोटो हा खरा विषय. मार्च २०१७ च्या अपडेटनं फोटो मोड आला आणि छायाचित्रकलेतला सगळा मनस्ताप संपला. एक पट्टी सरकवली की सूर्य हवा तिथे, दुसरी सरकवली की ढग गायब, तिसरीनं धुकं. आमच्या परिसरात ही सोय नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कर्नल साइक्सना इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य आणि त्यात स्वतःचीच सावली, दिसल्याची नोंद आहे. त्यासाठी ऊन पाठीशी आणि धुकं दरीत, दोन्ही एकाच वेळी लागतं. ते जुळून येईल म्हणून लोक आजही पाचनईहून चढतात, कड्याच्या काठाशी पालथे पडतात, भिजतात आणि पांढऱ्याशुभ्र धुक्याचे फोटो घेऊन परततात. माझ्या मते त्या पांढऱ्या फोटोंत पट्ट्या सरकवून काढलेल्या जांभळ्या शिखरांपेक्षा जास्त डोंगर असतो. पण हे मार्गदर्शन घरबसल्यांसाठी आहे, तेव्हा पट्टी सरकवावी.

पहिल्यांदा पोचणाऱ्याला ग्रहाचं नाव ठेवता येतं. ‘माउंट अमुक’ वगैरे भिकार नावं टाळावीत. अलंग, मदन, कुलंग या किल्ल्यांची नावं द्यायची तर तिन्ही ग्रह एकाच सूर्याभोवतीचे हवेत. हे त्रिकूट फोडलेलं ट्रेकर मंडळी खपवून घेत नाहीत. नाव एकदा सर्व्हरवर चढलं की ते जगभरच्या खेळाडूंना दिसतं. मग ओसाकाचा एखादा पोरगा कुलंगवर उतरतो, तेही पायऱ्यांशिवाय.

शेवटी फोटो घरच्या ग्रुपवर टाकावा. या गेममध्ये दगडी कमानी मुबलक आहेत, त्यामुळे एखादी आत्या हमखास विचारते, “रतनगडाचं नेढं ना हे? पाऊस होता का रे?” होता म्हणावं. तेजाबाचा होता, हे सांगायची गरज नाही.