असे निदर्शनास आले आहे की…

मराठी माणूस भांडखोर आहे, हा आरोप गृहनिर्माण सोसायटीत कधीही न राहिलेल्या कोणीतरी केलेला असावा. सोसायटीत भांडण होत नाही, पत्रव्यवहार होतो. चौथ्या मजल्यावरच्या कुंडीचं पाणी तिसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साडीवर पडलं, तर तिसरा मजला एक जिना चढून वर जात नाही. तीन जिने उतरून खाली सेक्रेटरींकडे जातो. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागतो : 'असे निदर्शनास आले आहे की काही सभासद कुंड्यांना प्रमाणाबाहेर पाणी घालतात. तरी याची नोंद घ्यावी.' कोणाच्या निदर्शनास आलं, ते 'काही सभासद' कोण, नोंद कोणी आणि कुठल्या वहीत घ्यायची, यातलं काहीही त्या कागदात नसतं आणि अख्ख्या इमारतीला सगळं ठाऊक असतं. याला भित्रेपणा म्हणायची पद्धत आहे. मला ही चांगली मुरलेली मुत्सद्देगिरी वाटते.

'सरळ वर जाऊन बेल वाजवा, दोन शब्दांत मिटेल,' असं सुचवणारे भेटतात. पण ते दोन शब्द कधीच दोनावर थांबत नाहीत. तिसऱ्या वाक्याला 2009 सालचा गणपतीच्या वर्गणीचा विषय निघतो, पाचव्याला कोणाच्या तरी सुनेचा. तोंडून गेलेलं पुढची वीस वर्षं लिफ्टमध्ये सोबत चढतं-उतरतं. 'काही सभासद' मात्र कोणालाच लागत नाहीत. ज्याच्याबद्दल लिहिलं आहे तोही बोर्डासमोर उभा राहून 'हल्ली लोकांना काही शिस्तच नाही' म्हणू शकतो, आणि संध्याकाळी गुपचूप कुंडीखाली ताटली सरकवतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर त्या सूचनेला पहिला अंगठा त्याचाच असतो.

गावाकडचे लोक यावर हसतील. 2007 साली 15 ऑगस्टला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिच्या समितीपुढे वादी-प्रतिवादी समोरासमोर बसतात. मग शहरातल्या शिकलेल्यांनाच तोंड लपवायची गरज का, हा आक्षेप मोलाचा आहे. पण तिथे दोघांच्या आज्यांचंही भांडण समितीला पाठ असतं, मध्यस्थी करणाऱ्याला मान असतो. सोसायटीत शेजाऱ्याच्या नावाआधी त्याच्या गाडीचा नंबर कळतो, आणि मध्यस्थी करणाऱ्या सेक्रेटरीला मान नाही, फक्त शिक्का आहे. शिक्का कागदावरच उमटतो. शिवाय आमच्या सभेबद्दल कायदेकानूही फारसे आशावादी नाहीत. वार्षिक सभेच्या सूचनेतच छापलेलं असतं की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि तिला गणपूर्तीची गरज राहणार नाही. मंडळी समोरासमोर येणार नाहीत, हे आधीच धरून चाललेली दुसरी लोकशाही मला तरी माहीत नाही.

कागदाने प्रश्न सुटत नाही, हा आक्षेप मात्र अर्धा मान्य. गळतीचंच घ्या. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून झिरपणाऱ्या पावसाचा खर्च सोसायटीचा, आणि संडास-मोरीच्या गळतीचा ज्याच्या त्याच्या खिशातला. त्यामुळे तळमजल्यावरच्या न्हाणीघराची ओलसुद्धा मधले पाच मजले कोरडे ठेवून थेट गच्चीतून आलेली असते. इथे पत्रांची थप्पी चढते, 1960 च्या सहकार कायद्याचं कलम 91 निघतं, प्रकरण सहकार न्यायालयात जातं. पण तोवर दोघंही जिन्यात एकमेकांना 'काय, बरंय ना?' विचारत असतात, कारण भांडण फायलीत आहे. बेल वाजवणाऱ्यांची गळतीही थांबलेली नसते आणि बोलणंही बंद झालेलं असतं.

पार्किंगपुढे मात्र कागदही हात टेकतो. जागा कमी आणि हक्कदार जास्त झाले, तर उपविधी सरळ चिठ्ठ्या टाकायला सांगतात. म्हणजे कायद्याने समजूत घालायचा नाद सोडून दिला आहे. चिठ्ठी उचलायला एखादं निष्पाप पोर बोलावतात. ते नेमकं सेक्रेटरींचा नातू निघतं, आणि सोमवारी बोर्डावर नवा कागद लागतो.