तिसरा गेअर, व्हाया शीळफाटा

डोंबिवलीत गाडीचा पिकअप गेला, तरी तो गेल्याचं कळायला बराच काळ जावा लागतो. मानपाडा रोडवर पहिला गेअर, दुसरा गेअर, परत पहिला एवढ्यावर भागतं. त्यात आजारी गाडी आहे की रस्ता, हे ठरवायचं कसं? आमच्या जुन्या एमएच ०५ डिझेलचं दुखणं उघडं पडलं ते कसाऱ्याच्या घाटात. पेडल पार खाली टेकवलं तरी बाई आपल्याच तंद्रीत. मागून लालपरी आली, हॉर्नसुद्धा न देता पुढे गेली आणि शेवटच्या खिडकीतल्या आजींनी आमच्याकडे फार मायेनं पाहिलं.

"भावोजी, डिझेलमध्ये भेसळ," मेहुणा म्हणाला. मेहुण्याला गाडी चालवता येत नाही. बाकी गाडीतलं सगळं कळतं.

सोसायटीत बातमी पसरली. तळमजल्यावरच्या काकांनी क्लच गेला म्हणून सांगितलं, सेक्रेटरींनी ईजीआर व्हॉल्व्हवर संशय घेतला आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही, त्यांनी सरळ टर्बो बदलायला लावला.

टर्बो ही मूळची काटकसरी माणसाची कल्पना. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे फुकट चाललेल्या गरम धुराकडून जाता जाता एक पंखा फिरवून घ्यायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणजे डिझेल जास्त जाळता येतं, म्हणजे ताकद जास्त. पंखा मिनिटाला लाखावर फेरे घेतो. आमचं इंजिन १२४८ सीसीचं, फियाटच्या घराण्यातलं. मारुतीनं वापरलं, टाटांनी वापरलं, शेवटी लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायला लागले. त्याची खोड एकच. २००० आरपीएमच्या आसपास पोचेपर्यंत ते अंगात आल्यासारखं करत नाही. आणि कल्याण-शीळ रस्त्यावर काटा तिथवर न्यायचा म्हणजे पुढच्याच्या डिकीत जाऊन बसायची तयारी हवी.

ओळखीतल्या एकानं मिस्त्री सुचवले. फोन केला. "मानपाड्याला या," ते म्हणाले. मानपाडा घराशेजारीच, म्हणून मेहुणा खूश झाला. पण मिस्त्रींचा मानपाडा ठाण्याचा, घोडबंदर रोडवरचा. जिल्हा एक, मानपाडे दोन, आणि मध्ये काटई नाका, पलावा, मेट्रोचे खांब, शीळफाटा, मुंब्रा बायपास आणि खारेगाव. मुंब्रादेवीच्या डोंगराच्या अंगानं चढताना मेहुणा मान वळवून मागचा धूर बघत होता. "काळा! पुरता काळा!" मागचा कंटेनरवालाही हात बाहेर काढून तेच सांगत होता, त्याचे शब्द वेगळे होते.

मिस्त्रींनी धुराची हकीगत तेवढी ऐकून घेतली. "काळा म्हणजे डिझेल पोचतंय, हवा पोचत नाही. क्लच सरकत असता तर काटा वर गेला असता आणि गाडी तिथंच राहिली असती." डॅशबोर्डखाली स्कॅनर लावला. फॉल्ट शून्य. उभ्यानं रेस दिली, सगळं छान. "उभ्या गाडीला टर्बो लागतच नाही साहेब. लोडवर बघायला पाहिजे. तिसरा गेअर, पंधराशेपासून फुल पेडल, साडेतीन हजारांपर्यंत पाय काढायचा नाही."

घोडबंदर रोडवर! पाय काढायचा नाही!

निघालो. मिस्त्री स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी, मेहुणा मागे. मिस्त्रींनी एसी बंद केला, गाणी बंद केली, काचा उतरवल्या आणि मागे वळून मेहुण्यालाही बंद केलं. "आवाज ऐकायचाय." पातलीपाड्याला तिसरा पडला, तोच पुढे टीएमटीची बस थांबली. कासारवडवलीला रिक्षा आडवी आली. एकदा अठराशेपर्यंत पोचलो होतो, तर ट्रॅफिक हवालदारानं हात केला आणि समोरून टँकरला सोडलं. इस्पितळातल्या पेशंटला डॉक्टरांनी धावून दाखवायला सांगावं आणि कॉरिडॉरभर खाटा असाव्यात, तशी आमची गत.

गायमुखच्या चढावर मात्र काय झालं कोण जाणे, पुढचा डंपर डावीकडे झाला आणि काळाभोर रिकामा रस्ता दिसला. "दाबा!" दाबलं. मिस्त्री आकडे वाचत होते. इंजिन मागत होतं २१०० मिलिबार, मिळत होते १३००. आणि त्याच वेळी बॉनेटखालून एक लांबलचक फुस्स ऐकू आलं.

"फाटलाय," मिस्त्री म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले.

गॅरेजात परतल्यावर त्यांनी टर्बोकडून निघणाऱ्या जाड रबरी होसच्या पोटाखालून बोट फिरवलं. बोट तेलकट काळं होऊन आलं. वरून होस नव्यासारखा. पण हातानं वाकवला तशी क्लिपच्या कडेला बोटभर चीर तोंड उघडून दिसली, सोडला की मिटली. आत दाब आला की उघडणार, उभ्या गाडीत मिटलेली. म्हणून स्कॅनर गप्प, म्हणून सोसायटी बोलकी. नवा होस चढला, दोन क्लिपा आवळल्या, काजळी धरलेला प्रेशर सेन्सर पुसून घेतला. टर्बो ठणठणीत निघाल्यामुळे मेहुणा जरा हिरमुसला.

परतीला मामलेदार मिसळ खाऊन बायपासचा चढ धरला. तिसऱ्यात पेडल दाबलं, काटा दोन हजारांवर गेला आणि पाठीला सीटनं मागून ढकललं. एक अवजड ट्रेलर मागे पडला, बारीक शिट्टी ऐकू आली, धूर नाही. शिट्टी टर्बोच्या पंख्याची. ती फुस्सपेक्षा वेगळी, आणि निरोगी टर्बोतही ऐकू येते, असं मिस्त्रींनी निघतानाच बजावलं होतं.

शीळफाट्याला थांबलो. शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. "शिट्टी मारतेय गाडी. टर्बो गेला वाटतं."

मेहुण्यानं काच पूर्ण खाली केली. त्यांची चर्चा पलावापर्यंत चालली. रिक्षा आणि टर्बो, दोघंही एकाच वेगानं जात होते.