फक्त दोन हजारांचा फरक

"काका, फक्त दोन हजारांचा फरक आहे." हे वाक्य ज्याच्या तोंडून दिवसातून चारदा निघतं, त्याला मी 'जुळवणारा' म्हणतो. आमच्या डोंबिवलीत दर दोन सोसायट्यांमागे एक तरी सापडतो. वय अठरा ते चोवीस, डोळे तारवटलेले, खिसा रिकामा. पण मोबाइलमध्ये 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'आईशप्पथ फायनल' अशा तीन एक्सेल शीट. आमच्या खालच्या मजल्यावरचा जुळवणारा २०२१ साली अकरावीत होता. ऑनलाइन कॉलेजचं निमित्त सांगून त्यानं वडिलांकडून गेमिंग कॉम्प्युटरसाठी साठ हजार मंजूर करून घेतले. तेव्हापासून तो पार्ट निवडतोय.

सुरुवात बिचारा शहाण्यासारखी करतो. रायझन फाइव्ह ५६००, सहा कोअर, गरिबाला पुरे. मग रात्री दीड वाजता त्याला साक्षात्कार होतो की एएम फोर हे सॉकेट २०१६चं, नव्या पिढीचे प्रोसेसर त्यावर बसायचे नाहीत. म्हणून एएम फाइव्ह. पण एएम फाइव्हला डीडीआर फोर रॅम चालत नाही. म्हणजे मदरबोर्ड वेगळा, रॅमही वेगळी. एका जावयाला आवतण द्यावं आणि मागनं त्याचं अख्खं गोत टेम्पो करून यावं, तशातली गत. दर पायरीला फक्त दोन हजारांचा फरक. पहाटे तीनला आकडा ब्याण्णव हजारांवर पोचतो आणि मग कात्री निघते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर जातो, वडिलांचा जुना येतो. एसएसडी निम्मी होते. शेवटी नजर जाते एसएमपीएसवर. वीज पुरवणारी ती पेटी; रूप नाही, रंग नाही, फ्रेमरेटमध्ये एकाची भर नाही. हलकी घेतली आणि तिनं दगा दिला, तर जाताना महागाचं ग्राफिक्स कार्डही सोबत नेऊ शकते. अख्ख्या सोसायटीला "एसएमपीएसमध्ये कंजुषी नको" असं सुनावणारा हा, स्वतःच्या यादीत पहिली सुरी तिथंच फिरवतो. कॅबिनेटमधल्या रंगीबेरंगी दिव्यांच्या चार पंख्यांना मात्र अभय.

एवढं जुळलं तरी मुहूर्त लागत नाही. २०२१मध्ये क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं पळवली, म्हणून थांबला. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं, वापरलेली कार्डं बाजारात आली, तर "रात्रंदिवस राबलेलं कार्ड कोण घेणार?" म्हणून थांबला. मग नवी पिढी येतेय म्हणून थांबला. आली, तेव्हा ती महाग म्हणून. २०२५ सरता सरता एआयच्या डेटा सेंटरांपायी मेमरीचे भाव भडकले, तसा धावत वर आला. "काका, लॅमिंग्टन रोडला येता?"

ग्रँट रोडला उतरून आम्ही दुकानात शिरलो. काउंटरवरच्या माणसानं मान वर न करताच विचारलं, "या वेळी तरी पिशवी आणलीस का?" यानं पाच दुकानांची कोटेशनं पसरली. तो म्हणाला, "एवढी रद्दी विकली असतीस तरी एक रॅम सुटली असती."

तासभर घासाघीस करून घेतला तो अखेर तोच ५६००. एसएमपीएस मात्र मी चांगला घ्यायला लावला. वरचे पैसे मी दिले. किती, ते तुम्ही ओळखलंच असेल.

रात्री जोडणी झाली. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. यानं रॅम दोनदा काढून बसवली, प्रोसेसर उपटला, थर्मल पेस्ट पुसून पुन्हा वाटाण्याएवढी लावली. रडायच्या बेताला आला. चहा घेऊन आलेली आई मागून वाकून बघत म्हणाली, "अरे, ती वायर वर कशाला खुपसलीयस? खाली तसलीच भोकं आहेत की!" वायर मदरबोर्डात होती, आणि ५६००च्या पोटात ग्राफिक्स नसतं, हे यानंच मला निदान सहा वेळा सांगितलं होतं.

पडदा उजळला. मी म्हटलं, "आता खेळ की!"

"थांबा हो काका." कोपऱ्यातल्या आकड्यावर त्याची नजर खिळली होती. "त्रेसष्ट डिग्री," तो हळूच म्हणाला, लहानपणी माझा ताप उतरल्यावर आई वडिलांना सांगायची तशा आवाजात.