नाना अमेरिकन होतात

अमेरिकेत कोण आधी नागरिक होणार हे कर्तृत्वावर नाही, नात्यावर ठरतं. माझा मेहुणा नागरिक झाला आणि त्याने लगेच आईवडिलांसाठी अर्ज केला. नागरिकाच्या आईवडिलांना कोट्याची रांग नसते. त्यामुळे नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ग्रीन कार्ड मिळालं तेव्हा मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या केट्या सोडवत होतो. त्यांचा जावईसुद्धा झालो नव्हतो. पुढे मी एच-वन-बीवर एडिसनला आलो, कंपनीने माझ्या ग्रीन कार्डाचा अर्ज केला आणि मी रांगेत उभा राहिलो. वर्षाच्या कोट्यातले फार तर सात टक्के कुठल्याही एका देशाला, असा कायदा आहे. भारतालाही सात, आइसलंडलाही सात. मी अजून उभाच आहे. तेव्हा २०२२ मध्ये नानांनी "आता सिटिझन होऊन टाकतो" असं जाहीर केल्यावर माझ्या वाट्याला सारथ्य आलं.

नाना चिपळूणच्या शाळेत इतिहास शिकवायचे. शिक्षक म्हणजे निवडणुकीची ड्यूटी आलीच. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या बोटांना शाई लावली आणि त्या गडबडीत स्वतःचं मत बहुधा राहून गेलं. "एकदा तरी शांतपणे मतदान करायचंय," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तरीही अर्ज वर्षभर थांबवायची त्यांची तयारी होती, कारण पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तेव्हा बोटांच्या ठशांचे ८५ डॉलर माफ होते आणि नाना होते चौऱ्याहत्तरचे. अर्जाचे ६४० डॉलर मुलगा भरणार होता. पण ८५ डॉलर हा तत्त्वाचा प्रश्न झाला आणि तो सुटायला एक आख्खा रविवार गेला.

मग एन-४०० हा फॉर्म उघडला. गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर कधी गेलात, कधी परतलात, सगळ्या तारखा द्या. नाना तारखांचे माणूस, पण त्यांच्या तारखा पेशव्यांच्या. स्वतःच्या प्रवासाची नोंद "आंब्याला मोहोर होता तेव्हा गेलो आणि भाताची लावणी उरकून आलो" अशी. सासूबाईंकडे दुसरं पंचांग होतं: धाकट्या पुतण्याची मुंज, मोठ्या भाचीचं बारसं, जाऊबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दोन्हींचा मेळ घालत, पासपोर्टवरचे पुसट शिक्के भिंगातून वाचत मी तक्ता केला. कुठलीही फेरी सहा महिन्यांच्या वर गेलेली चालत नाही, लगेच प्रश्न निघतात. एक फेरी अगदी काठावर होती. त्या वर्षी हापूस उशिरा आला होता.

त्या वेळच्या फॉर्मात आणखी एक प्रश्न होता: आजवर कोणकोणत्या संस्था, मंडळं, क्लब, पक्ष यांच्याशी तुमचा संबंध आला? हा प्रश्न मराठी माणसाला विचारू नये. सार्वजनिक वाचनालय, शिक्षकांची पतपेढी, ज्येष्ठ नागरिक संघ, गणेशोत्सव मंडळ, नाट्यमंडळ, त्यातून फुटून निघालेलं दुसरं नाट्यमंडळ... जोडपत्र जोडावं लागलं. दुसऱ्या नाट्यमंडळात आपण खजिनदार होतो, नुसते सभासद नव्हे, हे नानांनी माझ्याकडून मुद्दाम लिहून घेतलं.

घरात सराव सुरू झाला. बायको अधिकारी, नाना उमेदवार.

"१९३३ ते १९४५ या काळात तुमचा जर्मनीच्या नाझी सरकारशी संबंध होता का?"

"माझा जन्म अठ्ठेचाळीसचा."

"नाना, हो किंवा नाही."

"अगं, जन्मच नाही तर संबंध कुठून? प्रश्नच चुकलाय."

"बरं. कम्युनिस्ट पक्षाशी कधी संबंध?"

इथे नाना गप्प झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात काकांच्या खांद्यावर बसून त्यांनी कॉम्रेड डांग्यांची सभा ऐकली होती. शपथेवर खोटं कसं बोलायचं? आम्ही तिघांनी समजावलं की ऐकणं म्हणजे संबंध नव्हे. "मग डांग्यांना टाळ्या वाजवल्या होत्या त्याचं काय?" नाना म्हणाले. वय वर्षं दहा.

नागरिकशास्त्राचे तेव्हा शंभर प्रश्न होते. त्यांतले दहापर्यंत विचारणार, सहा बरोबर आले की पास. (ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्न आहेत. वीसपर्यंत विचारतात, बारा यावे लागतात.) नानांना हे पाठ करायची गरजच नव्हती, त्यांनी अमेरिकेचा इतिहास मराठेशाहीला टाचून टाकला होता. १७७६ म्हणजे पुरंदरचा तह, त्याच वर्षी यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे शरण गेलेला कॉर्नवॉलिस, तोच पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन आला: "इथला नापास विद्यार्थी आमच्या वर्गात पाठवला!" १८०३ मध्ये फ्रान्सकडून कुठला प्रदेश विकत घेतला? लुईझियाना. "आणि त्याच वर्षी असईची लढाई. इकडे जेफरसन पैसे मोजून जमीन घेत होता, तिकडे वेलस्ली आमची फुकटात घेत होता." एकेका उत्तराला एकेक तास लागे. मी दर वेळी सांगे, "नाना, तिथे फक्त 'लुईझियाना' म्हणायचं."

आता परीक्षेची भाषा. पंचावन्न वर्षांच्या वर वय आणि ग्रीन कार्ड घेऊन इथे पंधरा वर्षं काढलेली असली, की इंग्रजीच्या परीक्षेतून सूट मिळते आणि नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाषा नेऊन आपल्या भाषेत देता येते. नानांचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे. पण "सोय आहे तर मराठी माध्यमातूनच देणार," असं म्हणून ते हटून बसले. दुभाषा घरचा नको, त्रयस्थ हवा. म्हणून आमच्या महाराष्ट्र मंडळाचे कायमचे सूत्रसंचालक गाठले. दुभाष्यानेही शपथ घ्यायची असते: जे बोललं जाईल ते जसंच्या तसं सांगीन, पदरचं काही घालणार नाही. वीस वर्षं दोन गाण्यांच्या मध्ये चार शेर आणि एक किस्सा घालत आलेल्या माणसाला ही अट ऐकवली, तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

मुलाखत नूअर्कला. गाडी काढतो म्हटलं, तर नाना म्हणाले आगगाडीने, ज्येष्ठांना निम्मं तिकीट आहे. मेट्रोपार्कला चढलो. नानांच्या शर्टाच्या खिशात दोन पेनं, हातात पॅड. परीक्षा तोंडी आहे हे सांगून उपयोग नव्हता. लिंडन आलं तसे ते खिडकीकडे सरकले. "इथून पलीकडे रोझेल. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये तिथेच उतरल्या कार्पेंटरबाईंकडे." त्यांनी हे समोरच्या पेंगणाऱ्या इसमाला इंग्रजीत सांगितलं. मग ओघाने हेही, की आनंदीबाईंनी मागितलं असतं तरी त्यांना नागरिकत्व मिळालं नसतं, कारण कायद्याला गोरा माणूस हवा होता. मुंबईच्या भिकाजी बलसारा या पारशी व्यापाऱ्याला न्यूयॉर्कच्या कोर्टाने १९१० मध्ये गोरा ठरवून आत घेतलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांना सुप्रीम कोर्टाने गोरे नाहीत म्हणून बाहेर काढलं. हिंदी माणसाला दार कायद्याने उघडलं ते थेट १९४६ मध्ये. "एवढं शंभरांत कुठेच नाही," नाना म्हणाले. समोरचा इसम एलिझाबेथला उतरला. त्याला तिथेच उतरायचं होतं की नाही, कोण जाणे.

मला आत प्रवेश नव्हता. आत काय झालं याच्या दोन आवृत्त्या मिळाल्या. नानांची आवृत्ती: "काही नाही, पोरखेळ होता." सूत्रसंचालक मात्र घाम पुसत बाहेर आले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कम्युनिस्टांचा प्रश्न आला, नाना स्वच्छ 'नाही' म्हणाले आणि मग यांच्याकडे वळून मराठीत हळूच विचारते झाले, "डांग्यांच्या सभेचं सांगायला हवं का हो?" आता जे बोललं जाईल ते सगळं सांगायची शपथ. सूत्रसंचालकांनी आवंढा गिळून सांगितलं. अधिकारीबाईंनी विचारलं, तेव्हा वय काय? दहा. बाईंनी मान खाली घालून पुढचं पान उलटलं.

मग नागरिकशास्त्र. पहिला अध्यक्ष कोण, पूर्वेला महासागर कोणता, असे सहा प्रश्न, सहाही बरोबर. बाई म्हणाल्या, झालं.

"बाकीचे चार?" नाना.

सूत्रसंचालकांनी भाषांतर केलं. बाईंनी समजावलं, सहा आले की थांबायचं असा नियम आहे, तुम्ही पास आहात.

"पास ठीक आहे हो, पण साठ टक्के? लुईझियाना विचारा म्हणावं."

तेही भाषांतरित झालं. बाई हसल्या, पण लुईझियाना काही विचारलं नाही. सूत्रसंचालक मला म्हणाले, "इतकी जागा होती तिथे एका शेराची!" परतीच्या गाडीत नानांनी उरलेले चौऱ्याण्णव प्रश्न आम्हा दोघांना सोडवून दाखवले.

शपथविधीला मी मागच्या खुर्चीवर. शिरताना पुन्हा एक फॉर्म: मुलाखतीनंतर लग्न केलंत का, घटस्फोट घेतलात का, कम्युनिस्ट पक्षात गेलात का? "एवढ्यात?" सासूबाईंनी विचारलं. मग टेबलामागच्या माणसाने ग्रीन कार्ड मागितलं. आता त्याची गरज नाही म्हणे, नागरिक होताय. नानांनी ते खिशातून काढून ट्रेमध्ये टाकलं. ट्रेमध्ये तशी ढीगभर पडली होती. मी दुसरीकडे बघितलं.

एकेका देशाचं नाव पुकारलं की त्या देशाची माणसं उभी राहत. मग सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली: परदेशी राजेरजवाडे, सत्ताधीश, सगळ्यांवरची निष्ठा आजपासून सोडली. नंतर नाना माझ्या कानात म्हणाले, "पेशवाईबद्दल स्वतंत्र काही नव्हतं ना?" नव्हतं. सर्टिफिकेट मिळालं तसं त्यांनी विचारलं, लॅमिनेशन कुठे करून मिळेल? ते करू नये असा जाणकारांचा सल्ला आहे, हे पटवायला निम्मा शपथविधी लागला असता, म्हणून मी नुसती मान हलवली. दाराशी मतदार नोंदणीचे फॉर्म होते. नानांनी तिथेच उभ्याने भरला, स्वतःच्या पेनने. दुसरं पेन त्यांनी मागच्या घानाच्या गृहस्थांना दिलं.

घरी पोचेपर्यंत गुहागरहून चुलतभावाचा फोन. भारताचा पासपोर्ट रद्द करून द्यायचा, ओसीआय कार्ड घ्यायचं, त्यावर तिथे मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, हे सगळं त्याने ऐकलं होतं. "मग तुझ्या वाटणीची कलमं?" त्याचा आवाज जरा जास्तच काळजीचा वाटला. वारशाने आलेली जमीन ठेवता येते, हे नानांनी त्याला असईच्या लढाईसकट समजावलं.

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "जावईबापू, आता मी नागरिक. मुलीला मी स्पॉन्सर करू शकतो ना? तिच्याबरोबर तुम्हीही आलात."

करू शकता, म्हटलं, पण लग्न झालेल्या मुलीची रांग वेगळी. आजच्या हिशेबाने रामाच्या वनवासाएवढी, कदाचित थोडी जास्त.

नानांनी मनातल्या मनात बेरीज केली. "म्हणजे मी नव्वदीच्या आसपास."

आणि अर्ज करणाऱ्याने तोवर हयात असावं लागतं, नाहीतर अर्ज बहुधा रद्द होतो. हे मी सांगणार नव्हतो, पण बायकोने सांगून टाकलं.

नाना क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "अर्ज आजच भरा. आणि उद्यापासून मला पहाटे सहाला मॉलमध्ये सोडत जा, चालायला. गोडही बंद." सासूबाईंनी शपथविधीसाठी केलेल्या श्रीखंडाचं पातेलं त्यांच्यासमोरून उचललं, तसे ते म्हणाले, "आज नको गं, उद्यापासून."